गोदामातील साठा आणि आरएफआयडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मालसाठ्याच्या नोंदींसाठी आरएफआयडी (मालावर टॅग, म्हणजे चिप असलेली पट्टी, लावून तिचा क्रमांक रीडर नावाच्या यंत्राने रेडिओलहरींद्वारे वाचण्याची पद्धत) वापरावे का आणि कसे वापरावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. बहुतेकांचा रोख कोणते यंत्र घ्यावे याकडे आहे. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. अमुक क्रमांकाच्या टॅगने उत्तर दिले, एवढेच रीडरला कळते. माल आला, गेला की जागेवरच आहे, हे ठरवण्याचे नियम गोदामाला स्वतः बसवावे लागतात. ते नियम नसताना घेतलेले उत्तम यंत्रही नोंदींतला गोंधळ अधिक वेगाने वाढवते. उत्तरे वाचताना हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आमच्या गोदामात प्रत्येक खोक्यावर बारकोड आहे आणि हातातल्या स्कॅनरने तो वाचून आवक-जावक नोंदवली जाते. तरीही वार्षिक मोजणीसाठी कामकाज बंद ठेवावे लागते, आणि मोजणीनंतर नोंदी व प्रत्यक्ष साठा यांचा मेळ बसत नाही. आरएफआयडीमुळे नेमका कोणता फरक पडेल?
(वितरण व्यवसायातील एक भांडारप्रमुख)

उत्तर : २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय येथे च्युइंगमच्या एका पाकिटावरचा बारकोड दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा वाचला गेला. तेव्हापासून बारकोडची मूळ अट बदललेली नाही : चिन्ह स्कॅनरला दिसले पाहिजे. मागच्या रांगेतले खोके पुढे ओढल्याशिवाय वाचता येत नाही, आणि मोजणीचा बहुतेक वेळ या ओढाताणीतच जातो.

आरएफआयडीमध्ये दिसण्याच्या जागी रेडिओलहर येते. गोदामांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टॅगमध्ये बॅटरी नसते. त्यात एक सूक्ष्म चिप आणि तिला जोडलेली पातळ अँटेना एवढेच असते. रीडरने सोडलेल्या लहरीतूनच चिपला ऊर्जा मिळते, आणि ती आपल्या अँटेनाचे परावर्तन कमी-जास्त करून आपला क्रमांक कळवते. परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली होती. आजच्या संवेदनशील चिपला जागे होण्यास साधारण १० मायक्रोवॅट एवढी शक्ती पुरते, म्हणून काही मीटरांवरून वाचन शक्य होते. अनेक टॅग एकदम बोलू लागले तर काहीच कळणार नाही; यासाठी रीडर वेळेचे छोटे छोटे कप्पे जाहीर करतो, प्रत्येक टॅग त्यांपैकी एक कप्पा यदृच्छेने निवडतो आणि ज्यांची टक्कर होते ते पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करतात. अनुकूल परिस्थितीत या रीतीने सेकंदाला शेकडो टॅग वाचले जातात.

वेगापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. उत्पादनावरचा नेहमीचा बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, टॅग त्या एका नगाची ओळख सांगतो. दहा खोकी आली की कामगार वरच्या एकाच खोक्याचा बारकोड दहा वेळा वाचतो किंवा संख्या हाताने भरतो. त्यांत दोन खोकी वेगळ्या मापाची असतील तर चूक तिथेच नोंदीत शिरते आणि दोन वस्तूंचे आकडे एकदम बिघडतात. टॅग दहा वेळा वाचला तरी तो एकच नग धरला जातो.

नोंदी आणि साठा न जुळणे ही केवळ तुमची अडचण नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रमण यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार साठानोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ६५ टक्के चुकीच्या आढळल्या. अशा चुका रोज थोड्या थोड्या साचतात. वर्षातून एकदा मोजणी केली तर त्या कुठे आणि का झाल्या याचा माग लागत नाही. मोजणी दर आठवड्याला करता आली तर चूक ताजी असतानाच सापडते, आणि आरएफआयडीचा खरा लाभ हाच आहे. परत आलेला किंवा खराब झालेला माल नोंदवायचाच नाही, अशी सवय गोदामात असेल तर तिच्यावर मात्र कोणत्याही टॅगचा उपाय चालत नाही.

प्रश्न : आम्ही यंत्रांचे सुटे भाग आणि वंगणतेलाचे पत्र्याचे डबे साठवतो. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचे सगळे टॅग वाचले गेले. आमच्या मालावर निम्मेही वाचले गेले नाहीत. दोष टॅगमध्ये आहे की रीडरमध्ये?
(सुट्या भागांच्या गोदामाचे व्यवस्थापक)

उत्तर : बहुधा दोन्हींत नाही, टॅग आणि माल यांची जोडी चुकली आहे. या टॅगची कंप्रता (फ्रीक्वेन्सी) ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. टॅगची अँटेना त्या लांबीशी जुळवलेली असते. साधा टॅग थेट पत्र्यावर चिकटवला की ही जुळणी बिघडते, शिवाय पत्र्यावरून परतणारी लहर पृष्ठभागाजवळ येणाऱ्या लहरीला जवळजवळ नाहीशी करते आणि चिपला ऊर्जाच मिळत नाही. पुठ्ठा, कापड आणि कोरडे लाकूड यांतून लहर सहज जाते, म्हणून प्रात्यक्षिके पुठ्ठ्यावर देखणी होतात. प्रत्येक नगावर टॅग लावण्याची पद्धत कपड्यांच्या व्यापारात आधी रुजली, त्यामागेही हे एक मोठे कारण आहे.

तुमचा संशय तेलावर असेल तर तो सोडून द्यावा. लहर शोषून घेते ते मुख्यतः पाणी; खनिज तेल ती फारच थोडी शोषते. तेच वंगण प्लॅस्टिकच्या डब्यात असते तर योग्य टॅग निवडून बरेचसे काम भागले असते. पाण्यात मिसळलेल्या शीतक द्रवाचे डबे मात्र अडचणीचेच. याच नियमामुळे कडक गोठलेला माल वाचणे तुलनेने सोपे जाते, कारण बर्फ द्रवरूप पाण्यापेक्षा खूप कमी शोषण करतो. तो माल बाहेर काढल्यावर त्यावर दव धरले की वाचन घसरते.

पत्र्यासाठी वेगळे टॅग मिळतात. त्यांत अँटेना आणि धातू यांच्यामध्ये विशिष्ट जाडीचा थर ठेवून त्या धातूसह जुळणी केलेली असते. ते जाड आणि महाग असतात, म्हणून टिकाऊ साधने, साचे, परत येणाऱ्या ट्रॉल्या यांवर परवडतात, स्वस्त डब्यावर परवडत नाहीत. स्वस्त मालासाठी टॅगचा अँटेना असलेला भाग पृष्ठभागापासून काटकोनात उभा राहील अशी पट्टी वापरता येते, किंवा आतील पुठ्ठा आणि डबा यांत थोडी पोकळी राहते अशा जागी खोक्यावर टॅग लावता येतो. योग्य जागा कागदावर ठरत नाही. एकाच खोक्यावर चार-पाच ठिकाणी टॅग लावून मोजून पाहावे लागते. दोन टॅग एकमेकांना चिकटून समोरासमोर येणार नाहीत आणि टॅगचे टोक थेट अँटेनाकडे वळलेले राहणार नाही, हेही पाहावे. टोकाकडून त्याला लहर जवळपास लागतच नाही. वर्तुळाकार ध्रुवण असलेली, म्हणजे जिच्या लहरीची दिशा सतत फिरत राहते अशी, अँटेना वापरली तर टॅग आडवा आहे की उभा याने फारसे बिघडत नाही, मात्र पल्ला थोडा कमी होतो.

एवढे सगळे करूनही पत्र्याच्या डब्यांनी भरलेल्या पॅलेटच्या (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या चौकटीच्या) मधोमध असलेली खोकी दारावर वाचली जाणार नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. लहर धातूतून जात नाही. शक्ती वाढवली तर शेजारच्या रांगेतले टॅग तेवढे जास्त बोलू लागतात. यावर चांगला मार्ग असा की खोकी पॅलेटवर रचतानाच एकेक करून वाचावीत, त्या सर्वांचे क्रमांक पॅलेटच्या एका टॅगशी जोडावेत आणि दारावर फक्त पॅलेटचा टॅग वाचावा. पॅलेट फोडले की ती जोडणी त्याच क्षणी तोडली पाहिजे. ही एक शिस्त पाळली गेली नाही तर संपूर्ण पद्धत कोसळते. कमी कंप्रतेचे, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ किंवा १२५ ते १३४ किलोहर्ट्झचे टॅग पाण्याला कमी दबतात, पण त्यांचा पल्ला काही सेंटिमीटरांपासून फार तर मीटरभर असतो. गोदामाच्या दारासाठी ते कामाचे नाहीत.

प्रश्न : मालाच्या चढ-उताराच्या दोन शेजारच्या दारांवर आम्ही रीडर बसवले. दारातून न गेलेला, केवळ जवळ ठेवलेला मालही ‘रवाना’ म्हणून नोंदला जातो; कधी एकच पॅलेट दोन्ही दारांतून गेल्याचे दिसते. विक्रेत्याच्या सांगण्यावरून शक्ती कमी केली, तर खरोखर गेलेला माल सुटू लागला. काय करावे?
(एका वाहतूक व साठवणूक कंपनीचे संचालक)

उत्तर : शक्ती कमी करणे हा अर्धवट उपाय आहे आणि तुम्हाला त्याचा अनुभव आलेलाच आहे. रेडिओलहर दाराच्या चौकटीत थांबत नाही. जमीन, लोखंडी रॅक आणि फोर्कलिफ्ट यांवरून ती परतते. काही जागी लहरी एकमेकींत मिळून बळावतात, तर हातभर अंतरावर एकमेकींना मारतात. म्हणून दूरचा टॅग वाचला जाणे आणि जवळचा सुटणे हे एकाच दारावर एकाच वेळी घडू शकते.

आधी जागा सुधारा. रीडरच्या टप्प्यात माल उभा करून ठेवण्याची सवय बंद करा आणि त्या जागेवर तसे ठळक पट्टे आखा. दोन दारांमध्ये धातूच्या जाळीचा किंवा लहर शोषणाऱ्या साहित्याचा पडदा लावा. अँटेना समोरच्या भिंतीकडे रोखलेल्या असतील तर त्या खाली आणि आत वळवा. रीडर दिवसभर चालू ठेवू नका. प्रकाशकिरण तुटला की सुरू होईल आणि वाहन पुढे गेले की थांबेल, असा संवेदक त्याला जोडा. शेजारचे दोन्ही रीडर एकाच वेळी बोलत असतील तर ते एकमेकांचे ऐकणे बिघडवतात, त्यासाठी रीडरमध्ये असलेली दाट वापराची रीत निवडा.

त्यानंतरचा भाग सॉफ्टवेअरचा आहे, आणि अनेक गोदामे इथेच चुकतात. रीडरने टॅग वाचला की लगेच साठ्यात वजावट, असे तुमच्याकडे जोडलेले दिसते. वाचन आणि नोंद यांच्यामध्ये एक पायरी असली पाहिजे. दारातून जाणाऱ्या टॅगच्या संकेताची तीव्रता आधी वाढते, मग उतरते. उभ्या मालाची जवळपास स्थिर राहते. दाराच्या आतली अँटेना आधी आणि बाहेरची नंतर असा क्रम दिसला तर माल बाहेर गेला. उलट क्रम दिसला तर आत आला. एकाच अँटेनाला दिशा कळत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. या खुणा पाहून सॉफ्टवेअरने ‘हे पॅलेट दार क्रमांक २ मधून बाहेर गेले’ अशी एक घटना तयार करावी आणि तीही लगेच खात्यावर न घालता त्या गाडीच्या चलनाशी ताडून पाहावी. चलनात नसलेला टॅग दिसला तर वजावटीऐवजी इशारा निघाला पाहिजे. मालाच्या हालचालींच्या घटना नोंदवण्याच्या ईपीसीआयएस या जागतिक प्रमाणपद्धतीत प्रत्येक घटनेसाठी काय, कुठे, केव्हा आणि का हे चार मूळ प्रश्न मांडलेले असतात. पहिल्या तिघांची उत्तरे रीडर देऊ शकतो, ‘का’ चे उत्तर मात्र विक्री, परतावा, अंतर्गत हलवाहलव अशा तुमच्या कामातूनच येते.

आणखी एक मांडणी तपासून घ्या. एकदा उत्तर दिलेला टॅग काही काळ गप्प राहावा यासाठी टॅगमध्ये चार सत्रे असतात. काही सत्रांत टॅग ऊर्जा मिळत असेपर्यंत आणि ती तुटल्यावरही किमान २ सेकंद गप्प राहतो. मोजणीसाठी हे उपयोगी आहे, कारण हजारो टॅगमधले मंद टॅगही ऐकू येतात. दारावर तेच सत्र ठेवले तर टॅग एकदाच बोलतो आणि तीव्रतेचा चढ-उतार पाहायला मिळतच नाही. बसवणाऱ्याने मोजणीची मांडणी दारावर तशीच ठेवली असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

प्रश्न : मोबाइल फोनने हे टॅग वाचता येतील का? आणि परदेशातून स्वस्तात आणलेला रीडर चालेल का?
(नव्याने गोदाम सुरू करणारे एक वाचक)

उत्तर : फोनमध्ये सामान्यतः एनएफसी (अगदी जवळून टॅग वाचण्याची सोय) असते, ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि गोदामातले लांब पल्ल्याचे टॅग त्याला ऐकू येत नाहीत. त्यासाठी फोनला जोडायचा वेगळा रीडर घ्यावा लागतो. परदेशी रीडरबाबत सावध राहा : टॅग संपूर्ण ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये उत्तर देतात, पण रीडरला कोणता भाग वापरता येईल हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. भारतात तो ८६५ ते ८६८ आहे, अमेरिकेत ९०२ ते ९२८. दुसऱ्या प्रदेशासाठी बांधलेला रीडर चालू झाला तरी तो नियमबाह्य ठरेल.

प्रश्न : टॅगच्या स्मृतीत वस्तूचे नाव, बॅच, मुदत संपण्याची तारीख आणि किंमत लिहून ठेवावी असा आमचा विचार आहे. तसे केल्यास दुसऱ्या कोणी ते वाचू किंवा बदलू शकेल का?
(औषध साठवणुकीतील एक अधिकारी)

उत्तर : टॅगवर फक्त ओळख लिहावी आणि बाकी सर्व माहिती संगणकातील नोंदीत ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. किंमत बदलली किंवा बॅच रोखून धरली तर नोंद एका जागी बदलता येते. हजारो टॅग पुन्हा लिहिणे कोणालाच झेपत नाही. शिवाय जितके अधिक लिहावे तितका वाचनाला वेळ लागतो आणि चालत्या पट्ट्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

ओळखीसाठी बहुधा ९६ बिटांचा क्रमांक वापरतात. त्यात कंपनी, उत्पादन आणि अनुक्रमांक असे भाग असतात. अनुक्रमांकासाठी ३८ बिट राखलेले असल्याने एकाच उत्पादनाच्या २७ हजार ४८७ कोटींहून अधिक नगांना वेगळे क्रमांक देता येतात. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या टॅगवर आधीच काहीतरी लिहिलेले असते. ते तसेच वापरू नका, कारण त्यांत पुनरावृत्ती असू शकते. टॅग लिहिणारा छपाईयंत्र वापरत असाल तर त्याच पट्टीवर बारकोड आणि वाचता येणारा क्रमांकही छापून घ्या. टॅग निकामी झाला तर कामगाराच्या हाती काहीतरी उरले पाहिजे.

सुरक्षेविषयी : योग्य रीडर असलेला कोणीही जवळ येऊन टॅगवरील क्रमांक वाचू शकतो, आणि तो दुसऱ्या टॅगवर लिहूही शकतो. टॅगला ३२ बिटांचा प्रवेशसंकेत देऊन लेखन बंद करता येते, ते अवश्य करावे. सर्व टॅगना शून्याचाच संकेत ठेवून दिला तर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखे होईल. नक्कल ओळखायची असेल तर चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला क्रमांकही नोंदवून ठेवावा आणि शंका आल्यास ताडून पाहावा. बनावट औषधांचा धोका मोठा असेल तर या टॅगसाठीच्या ‘जेन-टू’ या जागतिक प्रमाणकाच्या २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनुसार गूढलिपीने स्वतःची खातरजमा करून देणारे टॅग घ्यावेत. ज्या क्षणी केवळ साध्या टॅगच्या क्रमांकावरून औषध अस्सल ठरवले जाईल, त्या क्षणी रुग्णाची सुरक्षा धोक्यात येते.

प्रश्न : एका वस्तूचे नोंदीनुसार ४१२ नग आहेत. हातातल्या रीडरने मोजले तर ४०५ भरले, दुसऱ्या दिवशी ४०९. लेखापाल म्हणतात की ज्या यंत्राचा आकडा रोज बदलतो त्यावर विश्वास कसा ठेवायचा? कोणता आकडा धरावा?
(साठानोंदी सांभाळणारे एक कर्मचारी)

उत्तर : आकडे बाजूला ठेवा आणि याद्या समोर घ्या. तुमच्याकडे ४०५ आणि ४०९ असे दोन आकडे नसून नावानिशी दोन याद्या आहेत. रीडर असलेला टॅग सोडू शकतो, पण नसलेला टॅग क्वचितच निर्माण करतो, कारण प्रत्येक उत्तराबरोबर चूक ओळखणारी तपासणी संख्या येते. म्हणून दोन्ही दिवसांच्या याद्या एकत्र करा आणि मधल्या काळात रवाना झालेले नग वगळा. समजा, एकत्रित यादीत ४११ वेगळे क्रमांक निघाले, तर प्रश्न सात नगांचा नसून एका नगाचा आहे. तो नग शेवटचा कुठे आणि कोणत्या तारखेला दिसला हे प्रणाली सांगेल. हातातल्या बहुतेक रीडरमध्ये शोधाची सोय असते. एकच क्रमांक दिला की जवळ जाताना आवाज जलद होत जातो. त्या आवाजामागे गेलात की तो नग बहुतेक वेळा दुसऱ्या रॅकवर किंवा लोखंडी खांबाला टेकलेला सापडेल.

लेखापालांची शंका रास्त आहे आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यावे. शंभर नगांची यादी यदृच्छेने काढून ते डोळ्यांनी पाहा, मग त्यांपैकी किती रीडरने वाचले ते विभागवार लिहा. एकाच कोपऱ्यातले नग पुन्हा पुन्हा सुटत असतील तर तिथे टॅगची जागा किंवा चालण्याची वाट बदलायला हवी. सुटलेले नग सगळीकडे विखुरलेले असतील तर मोजणारा घाईत चालला असावा.

एका मोजणीवरून समायोजनाची नोंद कधीही करू नये. न दिसलेल्या नगाला ‘न आढळलेला’ अशी वेगळी स्थिती द्यावी आणि तो ग्राहकाला देऊ करण्याच्या साठ्यातून तात्पुरता काढून ठेवावा. पुढच्या मोजणीत आणि प्रत्यक्ष शोधातही तो मिळाला नाही, तरच जबाबदार व्यक्तीच्या सहीने आणि कारणासह घट लिहावी. नग मिळाला पण टॅग फाटलेला निघाला, तर नव्या टॅगवर नवा अनुक्रमांक लिहून जुना क्रमांक रद्द करावा. जुनाच क्रमांक पुन्हा लिहिला आणि मूळ टॅगचा तुकडा एखाद्या खोक्याच्या तळाशी अजून उत्तर देत राहिला, तर एकच नग दोन जागी असल्याचे प्रणाली दाखवत राहील.